बायोकेमिस्ट्रीवाल्यांनो, कोल्हापुरात राहून रिसर्चसाठी कोलॅबोरेशन कसं जमवायचं

एमएस्सीला ॲडमिशन झालं की थोड्याच दिवसांत डिपार्टमेंटच्या कट्ट्यावर एक वाक्य ऐकायला मिळतं, "आपल्याकडं मशीनच नाहीत, पुण्यात असतो तर काहीतरी केलं असतं." मला हे वाक्य पटत नाही आणि म्हणूनच हे सगळं सविस्तर लिहायला घेतलंय. कोलॅबोरेशन म्हणजे ज्याच्याकडं मशीन आहे त्याच्या दारात जाऊन रांगेत उभं राहणं नव्हे, समोरच्याकडं नाही असं काहीतरी तुमच्याकडं असावं लागतं, मगच तो तुमच्यासाठी वेळ काढतो. आणि कोल्हापूरकडं ते भरपूर आहे हो, ऊस आहे, गुऱ्हाळं आहेत, गावोगावच्या संस्थांमधनं रोज गोळा होणारं दूध आहे, पंचगंगा आहे, तासा-दोन तासांवर राधानगरी-दाजीपूरचं जंगल आहे, सीपीआर या सरकारी दवाखान्यात अख्ख्या जिल्ह्यातनं येणारे पेशंट आहेत. पुण्या-मुंबईच्या लॅबमध्ये एलसी-एमएस (मिश्रणातले रेणू वेगळे करून वजनावरनं ओळखणारं मशीन) असेल पण त्यांना ताज्या रसाचा नमुना पहाटे चार वाजता कोण आणून देणार?

म्हणून पहिलं काम ई-मेल पाठवायचं नाही, पहिलं काम एक प्रश्न ठरवायचं. "मला कॅन्सरवर काम करायचंय" हा प्रश्न नाही. प्रश्न असा पाहिजे की त्याचं उत्तर हो, नाही किंवा एखाद्या आकड्यात येईल.

गुळाचंच घ्या. ऊस तोडून पडून राहिला की इन्व्हर्टेज एन्झाइम सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करत बसतं, रिड्यूसिंग शुगर वाढते आणि मग गूळ नीट घट्ट बसत नाही, चिकट होतो, हे गुऱ्हाळवाल्याला अनुभवानं माहीत असतं. रस काळपट पडतो त्यात पॉलिफिनॉल ऑक्सिडेजचा हात असतो, फिनॉलचं क्विनोन होतं आणि रंग गडद होत जातो, मग तो रंग उजळ करायला कोणी हायड्रॉस हे रंग उडवणारं केमिकल टाकतं तर कोणी जुन्या पद्धतीनं भेंडीचं पाणी वापरून मळी काढतं. आता यात एमएस्सीच्या पोराला काय करता येईल बघा. को ८६०३२ जातीचा ऊस तोडल्यावर सहा तासांनी, चोवीस तासांनी, अठ्ठेचाळीस तासांनी रस काढायचा, इन्व्हर्टेज ॲक्टिव्हिटी बघायची, डीएनएस पद्धतीनं रिड्यूसिंग शुगर मोजायची, फोलिन रीएजंटनं एकूण फिनॉल मोजायचे. याला स्पेक्ट्रोफोटोमीटर, वॉटर बाथ आणि सेंट्रीफ्यूज पुरतं, ते सगळं आपल्याकडं आहे. पण पुढचा प्रश्न येतो, हे फिनॉल नेमके कोणकोणते? तिथं एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करणारं मशीन) किंवा एलसी-एमएस लागतं आणि तिथंच कोलॅबोरेशनला खरा अर्थ येतो, कारण आता तुम्ही हातात डेटा घेऊन जाताय. शिवाय कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, त्यामुळं "हा गूळ वेगळा का" या प्रश्नात फक्त तुम्हाला नाही, बाजारालाही रस आहे.

अजून एक गोष्ट जी कोणी आधी सांगत नाही. सीझन. गुऱ्हाळं साधारण दिवाळीच्या आगेमागे पेटतात आणि उन्हाळा लागेपर्यंत चालतात. तुमचा रिसर्च प्रोजेक्ट नवीन पॅटर्नमध्ये सेम थ्रीला चार क्रेडिट आणि सेम फोरला सहा क्रेडिट असा आहे, म्हणजे गुळावर काम करायचं असेल तर गुऱ्हाळवाल्याशी बोलणं पावसाळ्यातच व्हायला पाहिजे, जानेवारीत विषय ठरवलात तर अर्धा सीझन गेलेला असतो. झाडांचंही तेच, फुलं-फळं कधी येतात ते बॉटनीवाल्यांना विचारल्याशिवाय तारखा ठरवू नका. सेम टूचं ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग असतं ना चार क्रेडिटचं, ते बहुतेक जण कुठंतरी सर्टिफिकेट मिळालं की झालं म्हणून उरकतात, माझं तर म्हणणं ओजेटी अशाच ठिकाणी करा जिथं पुढं प्रोजेक्टचा नमुना मिळणार आहे. एखादी डेअरी, साखर कारखान्याची लॅब, पॅथॉलॉजी लॅब. तिथली माणसं ओळखीची झाली की नंतर सगळं सोपं जातं.

पहिली फेरी कॅम्पसमध्येच मारा

शिवाजी विद्यापीठाच्या आवारात बायोकेमिस्ट्रीपासनं चालत जाता येईल अशा अंतरावर बॉटनी, झूलॉजी, मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, केमिस्ट्री, नॅनोसायन्स, स्टॅटिस्टिक्स सगळी डिपार्टमेंट आहेत आणि तरी दोन-दोन वर्षं आपण दुसऱ्या डिपार्टमेंटची पायरी चढत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. नॅनोवाले पार्टिकल बनवतात आणि त्यांना ते पेशींवर, एन्झाइमवर, बॅक्टेरियावर टेस्ट करायचे असतात. केमिस्ट्रीवाल्यांकडं नवीन कंपाऊंडच्या बाटल्या भरून पडलेल्या असतात, कोणीतरी अमायलेज किंवा ग्लुकोसिडेज इनहिबिशन करून दिलं तर त्यांना हवंच असतं. त्यांच्या पीएचडीच्या दादा-ताईंशी चहा प्यायला बसा आणि सरळ विचारा, "तुमच्याकडं असं काय आहे ज्याची बायोलॉजिकल ॲक्टिव्हिटी बघायची राहिलीय?" बरीच कोलॅबोरेशन अशीच कँटीनमध्ये सुरू होतात, अर्ज नंतर येतो.

स्टॅटिस्टिक्सला मात्र प्रयोगाच्या आधी जायचं, नंतर नाही. किती नमुने घ्यायचे, कंट्रोल कसा ठेवायचा हे त्यांच्याशी बोलून ठरवा, कारण तीन-तीन नमुन्यांचा डेटा घेऊन शेवटच्या महिन्यात गेलात तर तेही बिचारे काय करणार.

मशीनचं म्हणाल तर आपल्या विद्यापीठात सैफ-सीएफसी हे मोठ्या मशीनचं सामायिक केंद्र आहे, केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या (डीएसटी) मदतीनं चालणारं, तिथं बाहेरच्या कॉलेजची आणि कंपन्यांची पण सॅम्पल येतात, आणि आपल्यातली कित्येक पोरं एकदाही आत गेलेली नसतात. मशीनची यादी आणि दर आधी बघून घ्या, विद्यार्थ्यांचा दर वेगळा आहे का ते विचारा, आणि ऑपरेटरला जाऊन भेटा. सॅम्पल किती मिलीग्रॅम लागतं, कोणत्या सॉल्व्हंटमध्ये चालतं, मीठ किंवा बफर चालतं का, हे त्या माणसाइतकं चांगलं कोणीच सांगणार नाही. देशभरात कुठं कुठलं मशीन आहे ते आय-स्टेम पोर्टलवर शोधता येतं आणि स्लॉटही तिथनंच मागता येतो. पैसे भरून सॅम्पल रन करून घेणं म्हणजे सर्व्हिस, कोलॅबोरेशन नव्हे, पण कित्येकदा सर्व्हिसच पुरते आणि तेव्हा उगीच कोणाला लेखक करायची गरज नसते. हा फरक सुरुवातीलाच डोक्यात पक्का ठेवा.

कॅम्पसच्या बाहेर पडलात तर शहरातच ऊस आणि गूळ संशोधन केंद्र आहे, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं. कसबा बावड्याला डी. वाय. पाटीलचं मेडिकल कॉलेज आणि तिथलं इंटरडिसिप्लिनरी रिसर्च सेंटर आहे, राजर्षी शाहूंच्या नावाचं सरकारी मेडिकल कॉलेज सीपीआरला जोडलेलं आहे. मेडिकल कॉलेजमध्येही बायोकेमिस्ट्री डिपार्टमेंट असतं आणि एमडी करणाऱ्या डॉक्टरांना थीसिस करायचा असतोच. त्यांच्याकडं पेशंट आहेत, ऑटोअ‍ॅनालायझर आहे, पण दिवसभर ड्यूटी असल्यामुळं बेंचवर बसायला वेळ नाही. तुमच्याकडं वेळ आहे, इलेक्ट्रोफोरेसिस येतं, एन्झाइम कायनेटिक्स येतं. डायबेटिसच्या पेशंटमध्ये एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी टेस्ट) त्यांच्याकडनं आणि एसओडी, कॅटालेज, एमडीए (पेशींवरचा ऑक्सिडेटिव्ह ताण दाखवणारी मोजमापं) तुमच्याकडनं, असा साधा विषयसुद्धा दोघांचं काम पुढं नेतो.

फक्त दवाखान्यातल्या सॅम्पलला हात लावण्याआधी तीन गोष्टी शिकून घ्या. ट्यूबचा रंग, म्हणजे ग्लुकोजला फ्लोराइडची करडी ट्यूब, एचबीए१सीला ईडीटीएची जांभळी. दुसरं, हीमोलिसिस झालेलं सिरम वापरायचं नाही, लाल पेशी फुटल्या की एलडीएच आणि पोटॅशियम दोन्ही खोटे वाढलेले दिसतात. तिसरं, एकच सॅम्पल परत परत वितळवून गोठवू नका, पहिल्याच दिवशी छोट्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून ठेवा. आणि पहिली सुई टोचण्याआधी एथिक्स कमिटीचं पत्र हातात पाहिजे. सॅम्पल गोळा करून झाल्यावर मागनं परवानगी मिळत नाही आणि मिळायलाही नको, कारण त्या पेशंटला तुम्ही काय करणार हे कळणं, त्याच्या भाषेत कळणं, हा त्याचा हक्क आहे. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या म्हणजे आयसीएमआरच्या २०१७ च्या गाईडलाइन्स डाऊनलोड करून संमतीपत्राचा भाग तरी वाचाच. कमिटीची मीटिंग रोज होत नाही, म्हणून प्रोजेक्टच्या वेळापत्रकात तिचे महिने धरूनच चला.

ई-मेल कसा लिहायचा

आधी गाईडशी बोला. सरांना किंवा मॅडमना न सांगता बाहेर मेल पाठवलात आणि नंतर एखाद्या सेमिनारमध्ये त्यांना समोरच्याकडनं कळलं तर कोणालाच बरं वाटत नाही. त्यापेक्षा मेलचा मसुदा आधी त्यांना दाखवा, मग त्यांना सीसीमध्ये ठेवून पाठवा. कित्येकदा गाईडची जुनी ओळख असते आणि एक फोन दहा मेलचं काम करतो.

मेल इंग्रजीतच जाणार, पण आधी कागदावर मराठीत चार उत्तरं लिहा म्हणजे भरकटत नाही. मी कोण आणि कोणाकडं काम करते. तुमचा कुठला पेपर वाचला आणि त्यातली कुठली गोष्ट माझ्या कामाला लागते. माझ्याकडं आत्ता काय आहे, म्हणजे नमुना, डेटा, एखादा ग्राफ. आणि मला नेमकं काय पाहिजे, किती नमुन्यांसाठी, कधीपर्यंत. एवढंच, मोबाईलच्या एका स्क्रीनवर मावेल इतकं. "आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची सुवर्णसंधी मिळाल्यास" वगैरे काढून टाका, आणि एकच मेल वीस जणांना पाठवू नका, वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीत कळतं. "माझ्याकडं तीन तालुक्यांतल्या गुळाचे वाळवलेले अर्क आहेत, एकूण फिनॉलचा डेटा सोबत जोडलाय, सहा नमुन्यांची प्रोफाइल तुमच्याकडं करता येईल का" या वाक्याला उत्तर द्यायला समोरच्याला सोपं जातं. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी एक नम्र आठवण, तरी नाही आलं तर पुढच्याकडं वळा, मनाला लावून घेऊ नका, ती माणसं खरंच कामात बुडालेली असतात.

पेपर वाचायला मिळत नाहीत हे कारणही आता फारसं उरलं नाही, वन नेशन वन सबस्क्रिप्शन २०२५ च्या सुरुवातीपासनं सुरू झालंय, सरकारी विद्यापीठांना तेरा हजारांच्या आसपास जर्नल उघडी आहेत. आपल्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात जाऊन लॉगिनचं विचारा. कोण कशावर काम करतंय ते बघायला शोधगंगा या ऑनलाइन संग्रहातले थीसिस फार उपयोगी पडतात, त्यातलं मटेरियल्स अँड मेथड्स वाचलं की कुठल्या लॅबला काय जमतं ते कळतं.

पुणे-मुंबई आणि त्यापुढं

पुण्यात एनसीएल, आयसर, एनसीसीएस, आघारकर संस्था, मुंबईकडं आयसीटी, टीआयएफआर, खारघरचं अ‍ॅक्ट्रेक, या संशोधन संस्थांची नावं सगळ्यांना पाठ असतात. तिथं शिरायचा एमएस्सीवाल्यांसाठी सरळ रस्ता म्हणजे समर फेलोशिप. बंगळूरची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, इन्सा आणि नासी या तिन्ही अकॅडमींची मिळून एक योजना आहे, उन्हाळ्यात साधारण दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या लॅबमध्ये काम करायला मिळतं. अर्ज मात्र आधीच्या वर्षी, दिवाळीच्या आगेमागे भरावा लागतो आणि आपल्याकडं त्याच वेळी सेमिस्टरची परीक्षा असते म्हणून कित्येकांचं राहतं. रेकमेंडेशन लेटर लागतं, ते सरांकडं शेवटच्या दिवशी मागू नका. या दोन महिन्यांत मोठा शोध लागणार नसतो, तिथली पद्धत शिकायची आणि परत येऊन इथं लावायची, आणि माणसं जोडून ठेवायची, हाच खरा फायदा.

पीएचडीवाल्यांना अजून वाटा आहेत. दुसऱ्या संस्थेतला को-गाईड घेता येतो, यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत ते बसतं, त्यानं सुरुवातीपासनंच कोलॅबोरेशन कागदावर येतं. परदेशात काही महिने जायचं असेल तर फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल रिसर्च सहा ते नऊ महिन्यांची असते. आणि बायोकेमिस्ट्रीवाल्यांनी आययूबीएमबी या बायोकेमिस्ट्रीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची वुड-व्हेलन फेलोशिप जरूर बघावी, आपल्या लॅबमध्ये न होणारा प्रयोग दुसऱ्या देशातल्या लॅबमध्ये जाऊन करायला ती मदत करते, काही आठवड्यांपासनं काही महिन्यांपर्यंत, नेमका आपलाच प्रॉब्लेम आहे तो. नेट-जेआरएफ असेल तर महिना ३७,००० मिळतात, ते नसेल तर राज्य सरकारच्या सारथी, बार्टी, महाज्योती या संस्थांच्या फेलोशिप आहेत, घरी पैशाची ओढाताण असताना या फेलोशिपवर पीएचडी पूर्ण केलेली माणसं आपल्या आजूबाजूला आहेत, त्यांना कागदपत्रांचं विचारा.

ज्यांना प्रवास जमत नाही, घरची जबाबदारी आहे, त्यांच्यासाठी कॉम्प्युटरवरचं काम खरंच मोठी वाट आहे. पीडीबी हा प्रोटीनच्या स्ट्रक्चरचा डेटाबेस फुकट, अल्फाफोल्डच्या डेटाबेसमध्ये वीस कोटींहून जास्त प्रोटीनची स्ट्रक्चर फुकट, ऑटोडॉक व्हिना हे डॉकिंगचं (एखादा रेणू प्रोटीनला कसा चिकटेल याचा अंदाज काढायचं) सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर चालतं. केमिस्ट्रीवाल्याचं कंपाऊंड, तुमचं डॉकिंग आणि तुमचंच एन्झाइम इनहिबिशन, असं एकत्र आलं तर वजन येतं. नुसतं डॉकिंग करून "हे औषध आहे" म्हणणारे पेपर ढिगानं निघतात, त्यात आपली भर नको. मॉलिक्युलर डायनॅमिक्ससारखं जड काम असेल तर आयसर पुण्याला परम ब्रह्म हा सुपरकॉम्प्युटर आहे, तिथं ज्याला ॲक्सेस आहे असा कोलॅबोरेटर शोधा.

सॅम्पल नेण्याबद्दल दोन शब्द, कारण इथं महिन्यांची मेहनत एका रात्रीत वाया जाऊ शकते. अर्क असेल तर फ्रीझ ड्राय करा, मग तो पुण्याच्या एसटीतनं सुद्धा आरामात जातो. प्रोटीन असेल तर अमोनियम सल्फेटचं प्रेसिपिटेट थंड ठेवून नेणं पातळ सोल्यूशनपेक्षा बरं. ड्राय आईस घट्ट झाकणाच्या डब्यात कधीच भरू नका, गॅस होऊन डबा फुटतो. अर्धं सॅम्पल कायम इथंच ठेवा. लेबल पेन्सिलनं किंवा क्रायो मार्करनं, साधं स्केचपेन बर्फात पुसलं जातं. रात्रीच्या महालक्ष्मीनं निघून सकाळी मुंबईत पोचणार असाल तर तिथं सॅम्पल कोण घेणार, फ्रीजरची चावी कोणाकडं, हे आदल्या दिवशी फोनवर पक्कं करा.

जंगलातलं झाड असेल तर वेगळं. नरक्याचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं, सह्याद्रीतलं झाड, त्यातनं कॅम्प्टोथेसिन मिळतं, त्याच्यापासनं टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही कॅन्सरची औषधं झाली. म्हणून ते किती तोडलं गेलं तेही माहीत असू द्या. अभयारण्यातनं वन खात्याच्या परवानगीशिवाय पानसुद्धा आणायचं नाही, बॉटनीकडनं ओळख पटवून हर्बेरियमचा नंबर घ्यायचा, आणि परदेशी लॅबला झाड, बुरशी, बॅक्टेरिया काहीही पाठवायचं असेल तर २००२ चा जैवविविधता कायदा आणि चेन्नईचं राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण हा विषय आधी गाईडबरोबर सोडवायचा. "थोडंसंच तर आहे, कुरिअरनं पाठवू" असं करू नका. दुसऱ्या संस्थेबरोबर नमुन्याची देवाणघेवाण असेल तर एमटीए म्हणजे मटेरियल ट्रान्सफरचा करार लागतो, त्यावर विद्यार्थ्याची सही चालत नाही, ते विद्यापीठाकडनं होतं आणि त्याला वेळ लागतो.

नाव कोणाचं, कितवं

हे बोलायला आपल्याकडं फार संकोच वाटतो, मोठ्या माणसांपुढं असं कसं विचारायचं म्हणून, आणि मग पेपर लिहायच्या वेळी मनं दुखावतात. माझं ठाम मत आहे की पहिल्या मीटिंगनंतर एक साधा मेल जायलाच हवा: आज असं ठरलं, नमुने आमच्याकडनं, एलसी-एमएस तुमच्याकडनं, पहिला मसुदा मी लिहिणार, लेखकांचा क्रम तूर्त असा, काम बदललं तर परत बोलू. गाईडच्या नावानं गेला तर अजून चांगलं. कोण कशासाठी लेखक होतो याला आयसीएमजेई या मेडिकल जर्नलच्या संपादकांच्या समितीचे चार निकष आहेत, कामात खरा वाटा, लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, शेवटच्या मसुद्याला मान्यता आणि जबाबदारी, चारही लागतात. सॅम्पल आणून देणारा गुऱ्हाळवाला लेखक होत नसेल पण आभारात त्याचं नाव त्याला विचारून नक्की घाला.

व्हॉट्सॲपवर "सेकंड ऑथर पोझिशन उपलब्ध" असल्या जाहिराती फिरतात, त्यांच्या नादाला अजिबात लागू नका, पैसे देऊन नाव लावणं ही फसवणूक आहे आणि ती आयुष्यभर मागं लागते. यूजीसीनं मान्य जर्नलची केअर यादी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळं जर्नल खरं की खोटं हे आता आपल्यालाच बघायचंय, गाईडला आणि कोलॅबोरेटरला विचारून.

डेटाची एक कॉपी तुमच्याकडं, एक गाईडकडं, एक शेअर्ड फोल्डरमध्ये. फाइलच्या नावात तारीख आणि नमुन्याचा नंबर. लॅब नोटबुक रोज लिहा, त्या त्या दिवशीच.

काम थोडं आकाराला आलं की आविष्कारला उतरा. २००६ पासनं राज्यातल्या विद्यापीठांची ही स्पर्धा आहे, जिल्हा, मग विद्यापीठ, मग राज्य अशा फेऱ्या होतात, पदव्युत्तरचा वेगळा गट असतो. बक्षीस मिळो न मिळो, तिथं पोस्टरपुढं उभं राहून परीक्षकांना आणि इतर विद्यापीठांच्या पोरांना काम समजावताना पुढचा कोलॅबोरेटर भेटू शकतो, म्हणून पोस्टरखाली ई-मेल मोठ्या अक्षरात टाका.

आणि निकाल हातात आले की ज्यांच्याकडनं नमुने घेतले त्यांना एका पानावर मराठीत लिहून द्या, किती तासांत रस काढला तर साखर किती टिकते, कुठल्या रसाला काय निघालं, आकडे सोपे करून, ग्राफ एकच. डॉक्टरांना द्या, डेअरीला द्या, गुऱ्हाळावर स्वतः नेऊन द्या, आणि पुढच्या सीझनला कुठल्या ज्युनियरला पाठवणार त्याची तिथंच ओळख करून द्या.